लिनक्स बसवताना हाताशी असलेली पानं

लिनक्सबद्दल बोलणं निघालं की पहिल्या दोन मिनिटांत 'फुकट' हा शब्द येतो आणि तिसऱ्या मिनिटाला 'पण अवघड असतं म्हणे' हे वाक्य. लग्नाची पंगत असो की दिवाळीचा फराळ, क्रम ठरलेला. यातल्या 'फुकट'वर बरंच लिहून झालंय. आज मला त्या 'अवघड'बद्दल लिहायचंय.

माझं मत असं आहे की ऑपरेटिंग सिस्टिम अवघड आहे की सोपी, हे बऱ्याचदा ती बसवायची कशी हे लिहिणाऱ्यावर ठरतं. मुक्त स्रोत प्रणालीचा अर्धा भाग तिच्या कोडमध्ये असतो आणि उरलेला अर्धा तिच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये. कोड लिहिणाऱ्याचं नाव होतं, त्याची भाषणं होतात. गाइड लिहिणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, आज एकदा सविस्तर मांडतो.

(आत्या, काका आणि पार्टिशन म्हटलं की ज्यांना १९४७ आठवतं अशी समस्त मंडळी, पळू नका. या लेखात एकही कमांड नाही. :) )

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फोटो बघायचा एखादा प्रोग्रॅम नीट बसला नाही तर काय होतं? काढून टाकायचा, दुसरा घ्यायचा. संगणक चालूच असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं तसं नाही. ज्या यंत्रावर आपण उत्तर शोधणार, तेच यंत्र त्या वेळी ऑपरेशन टेबलावर असतं. आणि त्याच डिस्कवर बारशाचे फोटो असतात, कुणाच्या तरी प्रबंधाची चौथी प्रत असते, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशोब असतात. या सगळ्याचा बॅकअप 'घेऊ एकदा सवडीने' या सदरात. शिवाय या कामात एक क्षण असा येतो, की त्याच्या आधीपर्यंत सगळं मागे फिरवता येतं आणि त्यानंतर नाही. पार्टिशनचा नवा तक्ता डिस्कवर लिहिला जातो, तो हा क्षण. पडद्यावर मात्र तेव्हाही आधीच्या पाच बटणांसारखंच एक बटण असतं. हा क्षण आला आहे हे ओळखून तिथे तुमचा हात धरतं ते गाइड चांगलं. 'पुढे चला' एवढंच म्हणतं ते नुसतंच गाइड.

लिनक्सच्या सुरुवातीच्या लोकांना हे फार लवकर कळलं होतं. लिनस टोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय हे जाहीर केलं २५ ऑगस्ट १९९१ ला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू झाला. मॅट वेल्शचं 'लिनक्स इन्स्टॉलेशन अँड गेटिंग स्टार्टेड' हे पुस्तक त्यातलंच. कर्नलची १.० आवृत्ती आली मार्च १९९४ मध्ये. म्हणजे घर पुरतं बांधून व्हायच्या आधी घराचा पत्ता आणि तिथवर यायची वाट लिहून ठेवणारी माणसं कामाला लागली होती. त्या काळातले 'हाऊ-टू' ज्यांनी वाचलेत त्यांना ते अजून आठवत असतील. रूप शून्य. साधा मजकूर, चित्रं नाहीत, रंग नाहीत. पण वाचताना वाटायचं की लिहिणारा माणूस आपल्या शेजारी खुर्ची ओढून बसला आहे.

आणि तेव्हा त्याची गरजही तशीच होती. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण जुन्या काचेच्या मॉनिटरच्या काळात ग्राफिक्सची जुळणी करताना मॉनिटरचा आडवा आणि उभा वेग हाताने लिहावा लागे, आणि चुकीचे आकडे दिले तर काही मॉनिटर बिघडू शकत. सॉफ्टवेअरच्या फाइलीतल्या दोन आकड्यांमुळे टेबलावरची वस्तू निकामी! त्या जुळणीच्या माहितीत हा इशारा ठळकपणे दिलेला असे. मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये कुठले आकडे शोधायचे हेही सांगितलेलं असे. त्या एका परिच्छेदाने जगभरातले किती मॉनिटर वाचवले असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. टळलेल्या अपघाताची नोंद कुठे होत नाही, आणि गाइड लिहिणाऱ्यांचं श्रेय बुडतं ते बरंचसं याच कारणाने.

दुसरं उदाहरण लिलोचं. ग्रब सर्वत्र यायच्या आधी लिनक्स सुरू करून द्यायचं काम लिलो नावाचा छोटा प्रोग्रॅम करत असे. तो सुरू होताना आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा, कामाचा एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर. मध्येच अडकला तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' एवढी दोनच अक्षरं दिसायची आणि संगणक ढिम्म. ज्याच्याकडे लिलोची माहिती नाही त्याच्या दृष्टीने संगणक मेला. ज्याच्याकडे आहे, त्याला कळायचं की पहिला टप्पा झाला, दुसरा टप्पा वाचला गेला पण चालू झाला नाही, आणि त्याची कारणं अमुक-तमुक आहेत. तीच दोन अक्षरं! एकाला त्यांनी घाम फुटे, दुसऱ्याला त्यांत निदान दिसे. मधे फरक फक्त एका पानाचा.

आपल्याकडे लिनक्स घरोघरी आलं ते मासिकांसोबतच्या सीडींतून. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्टबरोबर, २००३ पासून 'लिनक्स फॉर यू'बरोबर. डायल-अपवर अख्खी सीडी उतरवायची म्हणजे फोनचं बिल आणि वडिलांचा आवाज, दोन्ही चढणार. मग उबुंटूने २००५ मध्ये सीडी घरपोच पाठवायला सुरुवात केली, तीही फुकट. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. या सगळ्या काळात सीडी हातात असूनही बसवायचा धीर न झालेले लोक मी ढिगाने पाहिलेत. त्यांच्याकडे प्रणाली होती, तिचा परवानाही त्यांना सगळं स्वातंत्र्य देत होता. कमी होती ती चार भरवशाच्या पानांची. रिचर्ड स्टॉलमननेही एका निबंधात हेच म्हटलंय, की मुक्त प्रणालींतली सर्वांत मोठी उणीव सॉफ्टवेअरमध्ये नाही, चांगल्या मुक्त मॅन्युअलांच्या अभावात आहे. मी स्टॉलमनच्या सगळ्याच मतांचा भक्त नाही, पण हे वाक्य मला शंभर टक्के पटतं.

बरं, मग चांगलं गाइड म्हणजे काय?

इथे मला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आठवते. १९७० सालचं पुस्तक, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक तरी पिवळी पडलेली प्रत असेल. त्या पुस्तकाचं मोठेपण मला मापांत वाटतं. वाटी आणि चमचा. 'अंदाजाने घाला' हे ज्याला अंदाज आहे त्यालाच कळतं, आणि ज्याला अंदाज आहे तो पुस्तक कशाला उघडेल? परगावी नव्याने संसार मांडलेल्या मुलीला किंवा अमेरिकेतल्या वसतिगृहातल्या मुलाला अंदाज नसतो, वाटी मात्र असते. लिनक्सची बरीच वाईट गाइडं 'अंदाजाने घाला' पद्धतीची असतात. 'योग्य ते पार्टिशन निवडा.' अहो, योग्य कुठलं हेच तर विचारतोय!

चांगली गाइडं वाटी-चमच्याने बोलतात. डेबियनचं इन्स्टॉलेशन गाइड घ्या. त्यात प्रत्यक्ष इन्स्टॉलर कसा वापरायचा हे येतं सहाव्या प्रकरणात. आधीच्या पाच प्रकरणांत ही प्रणाली काय आहे, तुमचं यंत्र चालेल का, सुरुवात करण्याआधी काय करून ठेवायचं, फाइली कुठून आणायच्या आणि यंत्र त्यावरून सुरू कसं करायचं हे आहे. बॅकअप घ्या, हे तिथे स्वतंत्र मथळा देऊन सांगितलंय. नवख्याला हे पाल्हाळ वाटतं. पण लग्नाची तयारी आणि अक्षता पडण्याचा क्षण यांचं प्रमाण आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय हे गाइड प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळं तयार होतं, म्हणजे तुमच्या यंत्राला लागू नसलेली पानं तुमच्या वाट्याला कमी येतात.

आर्च लिनक्सचं गाइड याच्या उलट, आटोपशीर. पण त्याची एक सवय मला फार आवडते. पायरी सांगितली की ती झाली की नाही हे कसं ओळखायचं तेही ते सांगतं. इंटरनेट जोडा, आणि जोडलं गेलं का ते पिंग करून बघा. फाइल उतरवा, आणि ती खरी आहे का ते सहीवरून पडताळा. पाकाची तार बघायला सांगणाऱ्या आजीसारखं आहे हे. 'पाच मिनिटं उकळा' म्हटलं तर गॅस मोठा की बारीक यावर सगळं अवलंबून. 'एक तार आली की उतरवा' म्हटलं की प्रश्न मिटला.

जेंटूच्या हँडबुकमध्ये निवड आली की तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, हा नेहमीचा मार्ग, हा पर्यायी, हे केलं नाही तरी चालेल. निर्णय घ्यायला लावताना वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही त्यातली माणुसकी. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात इन्स्टॉलरचे पडदे क्रमाने छापलेले आहेत, त्यामुळे समोरचा पडदा आणि पानावरचा पडदा जुळतोय ना हे नुसत्या नजरेने कळतं. आणि ओपनबीएसडी तर माझं लाडकं. ती बसवून झाली, पहिल्यांदा लॉगिन केलं, की यंत्रावर एक पत्र आलेलं असतं, प्रकल्पाचा प्रमुख थिओ द राट याच्या नावाने. स्वागत आहे, आणि पुढे काय करायचं ते 'आफ्टरबूट' नावाच्या पानात वाचा. त्या पानात पहिल्यांदा सुरू झालेल्या यंत्रावर काय काय तपासायचं याची यादी आहे. नवीन घरी पाऊल टाकावं आणि मेन स्विच कुठे, पाण्याचा कॉक कुठे, हे लिहिलेली चिठ्ठी ओट्यावर मिळावी, तसं वाटतं. ही मंडळी मॅन्युअलमधली चूक ही कोडमधल्या चुकीसारखीच दोष म्हणून दुरुस्त करतात. फटकळ म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि तरी पाहुण्याची सोय त्यांनीच उत्तम बघितली आहे. असो.

आता एक आपल्याकडचं उदाहरण. विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर ठेवलं की भारतात हमखास एक गंमत होते. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. का? तर यंत्राच्या आत एक बॅटरीवरचं घड्याळ असतं. त्यातली वेळ ग्रीनिचची आहे असं लिनक्स मानतं, विंडोज मानतं ती स्थानिक. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका साडेपाच तासांचा. लंडनमध्ये हिवाळ्यात हाच घोळ कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तिथे दोन्ही वेळा एकच! लिहिणारा लंडनचा असेल तर त्याच्या गाइडमध्ये ही ओळ सुटू शकते. आणि ती सुटली, की इथला माणूस बॅटरी बदलायला दुकानात जातो. एका ओळीचं काम: लिनक्सला सांगा की घड्याळ स्थानिक वेळेत ठेव, किंवा विंडोजला सांगा की ग्रीनिच मान. अशा ओळी स्वतःच्या अनुभवातून, स्वतःच्या ठिकाणावरून लिहाव्या लागतात. गाइडला भूगोल असतो, हे माझं आणखी एक लाडकं मत.

गेल्या वर्षभरात या विषयाला एकदम घरगुती महत्त्व आलंय. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगले चालते लॅपटॉप एका तारखेत 'जुने' झाले. आमच्या नात्यातच असे चार निघाले. त्यातला एक माझ्या मामेबहिणीचा. ती रत्नागिरीला शाळेत संस्कृत शिकवते. (तिला विचारून लिहितोय.) तिने मला विचारलं, यावर लिनक्स चालेल का? मी म्हटलं चालेल, मी सुट्टीत येतो तेव्हा करून देतो. ती म्हणाली, तू येणार मे महिन्यात, माझे पेपर आत्ता सेट करायचेत. मला वाचायला काय आहे ते पाठव.

मी तिला लिनक्स मिंटचं इन्स्टॉलेशन गाइड पाठवलं. इंग्रजीतच. तिने ते शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं, आणि एका रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन बसली. फाइल उतरवून झाल्यावर ती नीट उतरली का हे पडताळायचा भाग त्यात आहे. पडताळणी जुळेना. तिने पुन्हा उतरवली, या वेळी जुळली. हे पान नसतं तर तीच अर्धवट फाइल पेन ड्राइव्हवर गेली असती, मध्येच कुठेतरी अडकली असती, आणि 'लिनक्स अवघड असतं म्हणे' हे वाक्य बोलणाऱ्यांत एकीची भर पडली असती. दिवसभरात तिचा मला एकच फोन आला. 'माउंट म्हणजे इथे काय रे? डोंगर तर नसणार.' संध्याकाळी लॅपटॉप चालू झाला होता. मे महिन्यात गेलो तेव्हा तिने मला ती छापील पानं दाखवली. प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण, आणि समासात मराठीत टिपणं. 'इथे घाबरू नये, पडदा काळा होतो, दोन मिनिटं थांबावे.' 'आधी चार्जर लावणे.' 'बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली आधी वहीत उतरवून घेणे.' मूळ गाइडपेक्षा ही टिपणं मला जास्त मोलाची वाटली. तिच्या शाळेतल्या आणखी दोन शिक्षकांनी त्याच प्रतीवरून आपापले लॅपटॉप केले, तेव्हा तर खात्रीच पटली.

बिटलॉकरच्या त्या टिपणाकडे पुन्हा बघा. हल्ली बऱ्याच विंडोज लॅपटॉपांची डिस्क कुलूपबंद येते आणि मालकाला पत्ताही नसतो. बूटच्या व्यवस्थेत हात घातला की विंडोज ती किल्ली मागू शकते. किल्ली नसेल तर आतलं सगळं असून नसल्यासारखं. 'सुरुवात करण्याआधी' या मथळ्याखालची ही एक ओळ म्हणजे एखाद्या घराचे सगळे फोटो आहेत. मी 'पणाला लागतं' म्हणतो ते या अर्थाने.

आता आक्षेप. पहिला, 'हल्ली इन्स्टॉलर इतके सोपे झालेत की गाइड लागतंच कुठे?' झालेत, खरंच झालेत, आणि उत्तम झालं. आर्चनेसुद्धा २०१२ मध्ये मेनूवाला इन्स्टॉलर काढून टाकला होता, २०२१ मध्ये पुन्हा एक दिला. पण सोपा इन्स्टॉलर दहांतल्या नऊ जणांना पार नेतो. दहावा अडकतो तेव्हा तो पहिल्यापेक्षा वाईट अडकतो, कारण आतापर्यंत त्याच्या वतीने कोणते निर्णय घेतले गेले हे त्याला ठाऊक नसतं. लिफ्ट आहे म्हणून इमारतीला जिने बांधायचे नाहीत असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, 'व्हिडिओ आहेत की.' आहेत, आणि काही फार छान आहेत. पण व्हिडिओतली एक चूक दुरुस्त करायला अख्खा व्हिडिओ पुन्हा करावा लागतो, त्यामुळे ती बहुधा कुणी करत नाही. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचाच राहतो, आणि तितक्याच आत्मविश्वासाने बोलत राहतो. लिहिलेलं पान मात्र एक शब्द बदलून ताजं होतं, त्यात शोधता येतं आणि ते झेरॉक्सवाल्याकडे नेता येतं.

तिसरा, सर्वांत नवा, 'एआयला विचारलं की सांगतो.' सांगतो. मीही विचारतो. पण त्याला जे येतं ते याच पानांतून आलंय ना? विहीर आटली तर पंप कितीही चांगला असून काय उपयोग! शिवाय डिस्कच्या बाबतीत उत्तर 'साधारण बरोबर' असून चालत नाही. एका यंत्रात पहिल्या डिस्कचं नाव एक असतं, दुसऱ्यात वेगळं. आवृत्ती बदलली की पडदे बदलतात. प्रकल्पाच्या अधिकृत पानावर निदान हे लिहिलेलं असतं की मी अमुक आवृत्तीसाठी, अमुक यंत्रासाठी आहे. एआयचं उत्तर ताडून बघायलासुद्धा ते पान लागतंच.

आणि एक आक्षेप आतल्या गोटातला आहे, जो मला सर्वांत जास्त खटकतो. 'मॅन्युअल वाच की!' असं नवख्याच्या अंगावर फेकलं जाणारं इंग्रजी चार अक्षरी उत्तर बहुतेकांना माहीत असेल. वाचावं, जरूर वाचावं. पण हे म्हणायचा अधिकार ज्यांचं मॅन्युअल वाचण्याजोगं आहे त्यांनाच. ओपनबीएसडीवाल्याने म्हटलं तर मी मान खाली घालून वाचायला बसतो. ज्या प्रकल्पाचं पान तीन आवृत्त्या जुनं आहे त्याने म्हटलं, तर ते पाहुण्याला बंद दाराकडे बोट दाखवून 'या ना आत' म्हणण्यासारखं आहे.

ही पानं आपोआप टिकत नाहीत हेही सांगायला हवं. जेंटूच्या वापरकर्त्यांनी चालवलेला एक मोठा विकी होता, अधिकृत हँडबुकपेक्षा वेगळा, लोकांनी आपापल्या यंत्रांचे अनुभव लिहून भरलेला. २००८ मध्ये त्याचा सगळा विदा गेला आणि पुरेसा बॅकअप नव्हता. कोड गेला नाही, प्रणाली गेली नाही, हँडबुकही जागेवर राहिलं. गेली ती हजारो लोकांनी आपल्या रात्री खर्चून लिहिलेली 'माझ्याकडे असं झालं, मी असं केलं' ही पानं. त्यातलं काही इथून-तिथून गोळा करून पुन्हा लावलं गेलं, पण भरलेलं घर पुन्हा तसं भरत नाही. आज लिनक्सची कुठलीही अडचण शोधताना आर्चच्या विकीवर पोचतो आपण, मग आपल्याकडे आर्च असो वा नसो. तो विकीही स्वयंसेवकच लिहितात, आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं.

शेवटी आपल्या भाषेचं. डेबियनचा इन्स्टॉलर सुरू केला की भाषांच्या यादीत मराठी आहे. कुणीतरी मराठी माणसांनी बसून त्या पडद्यांवरची वाक्यं आपल्या भाषेत आणली, त्यांना मनापासून नमस्कार. पण त्याच डेबियनचं इन्स्टॉलेशन गाइड उघडा, त्या यादीत मराठी नाही. पडदा मराठीत विचारतो, 'काय करू?', आणि काय करायचं हे सांगणारं पान इंग्रजीत. माझ्या मामेबहिणीला इंग्रजी येतं, तिचं निभावलं. तिच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलाचं काय? त्याला कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप मिळालाय, डोकं मिळालंय, वेळही आहे. त्याच्यापुरतं ते मुक्त सॉफ्टवेअर अजून कुलपातच आहे.

त्यामुळे माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्यापैकी ज्यांनी अलीकडे स्वतःच्या हाताने लिनक्स बसवलंय, त्यांनी ते मराठीत लिहून ठेवा. अनुवाद करत बसू नका, जे केलंत तेच लिहा. वर तारीख, प्रणालीची आवृत्ती आणि लॅपटॉपचं मॉडेल घाला. कुठे मागे फिरता येत नाही ते ठळक करा. पडदा किती वेळ काळा राहतो ते लिहा. साडेपाच तास विसरू नका. आणि हे बसवल्या-बसवल्या, त्याच आठवड्यात लिहा. महिन्याभराने तुम्ही जाणकार व्हाल, आणि जाणकाराला पहिल्या दिवशीचे प्रश्न आठवत नाहीत.

मामेबहिणीची समासातली टिपणं मी सध्या नीट टंकतोय, तिने तपासली की टाकतो. कुणाकडे वेगळ्या यंत्रावरची अशी टिपणं असतील तर जरूर पाठवा, एकत्र करू. माउंटला चांगला मराठी शब्दही हवाय. डोंगर सोडून काहीही चालेल.